झेंड्याची खोळ

ड्रायव्हरकाकांनी एकतीस वर्षं सरकारी गाडी चालवली आणि त्या एकतीस वर्षांत गाडीला एक ओरखडा येऊ दिला नाही. हे ते स्वतः कधी सांगत नसत. त्यांच्या घरात, दारातून आत शिरताच समोरच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत ते छापील अक्षरांत टांगलेलं होतं. खाली गोल शिक्का, कुणा मोठ्या साहेबांची लांबलचक सही आणि वर ठळक शब्द, 'निष्कलंक सेवेबद्दल'. काकू दर आठवड्याला ती काच पुसायच्या आणि पुसताना हमखास म्हणायच्या, "निष्कलंक म्हणे! बनियनवरचे चहाचे डाग बघा आधी." काका हसायचे नाहीत. त्या चौकटीकडे ते फारसं बघायचेही नाहीत. लोकांना वाटायचं, केवढा हा विनय. लोकांना काय, काहीही वाटतं.

निवृत्त झाल्यावर पहिले तीन महिने त्यांनी घरातली प्रत्येक वस्तू पुसून काढली. मग काकूंच्या सहनशक्तीचा अंत झाला. "एक गाडी घ्या, नाहीतर मी तरी माहेरी जाते," असं त्यांनी निक्षून सांगितलं. काकांनी एक जुनी व्हॅन घेतली, तिच्या सीटा नव्याने शिवून घेतल्या आणि वसाहतीतल्या नऊ मुलांना शाळेत न्यायला-आणायला लागले. त्याला आता सहा वर्षं झाली होती. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी व्हॅन फाटकापाशी उभी असायची, आणि काका दाराची मूठ धरून, ताठ, जणू आता कुणी मंत्री येऊन बसणार आहे. येऊन बसायची ती नाक ओढणारी, बुटांच्या नाड्या सुटलेली, दप्तराखाली वाकलेली नऊ मुलं. काका त्यांना 'मंडळी' म्हणत. "मंडळी, बसून घ्या," असं म्हटलं की मंडळी एकमेकांना ढकलत बसून घ्यायची. शाळेपर्यंतच्या वीस मिनिटांत काकांचं अर्धं आयुष्य होतं, परतीच्या वीस मिनिटांत उरलेलं अर्धं. मधल्या वेळात ते व्हॅन धूत.

अशातच सीमेवर काहीतरी झालं. नेमकं काय झालं ते कुणालाच धड ठाऊक नव्हतं, पण टीव्हीवर आठ दिवस असा आरडाओरडा चालला होता की शेजारच्या घरातलं भांडणसुद्धा ऐकू येईना. आणि नवव्या दिवशी गाड्यांवर झेंडे उगवले. आधी एक, मग पाच, मग जिकडे पाहावं तिकडे झेंडेच. खिडकीच्या काचेत अडकवायचे प्लास्टिकच्या दांडीचे, आरशाला बांधायचे, छतावर चिकटवायचे. फुटपाथवर आडव्या लावलेल्या गाडीवर झेंडा, सिग्नल तोडून जाणाऱ्या गाडीवर झेंडा, कचरा पिशवीत भरून गुपचूप नाल्यात टाकायला निघालेल्या गाडीवर दोन झेंडे. हे मी चेष्टेने सांगत नाही. तो दोन झेंडेवाला इसम मी स्वतः पाहिला आहे, आणि त्याचा ऊर खरोखर भरून आलेला होता.

वसाहतीत ही मोहीम मेजरांनी हाती घेतली. मेजर कधीही सैन्यात नव्हते. विमा कचेरीत लोकांचे दावे नामंजूर करण्यात त्यांची हयात गेली होती. पण मिशा अशा भरघोस होत्या की पोरांनी त्यांना मेजर म्हणायला सुरुवात केली आणि पुढे पुढे त्यांनाही ते खरं वाटू लागलं. वसाहतीच्या समितीचे ते अध्यक्ष. झेंड्यांचं खोकं काखोटीला मारून ते एका संध्याकाळी व्हॅनपाशी आले.

"काका, हा तुमचा. खिडकीत अडकवा. मुलांची गाडी आहे, शोभून दिसेल."

काकांनी झेंडा हातात घेतला. दांडी दोन बोटांनी वाकवून पाहिली. कापडाची कड उसवलेली होती, तिच्यावरून अंगठा फिरवला.

"हा नको," ते म्हणाले. "दोन दिवसांत फाटेल, पडेल रस्त्यावर. मी माझा लावतो. नीट."

"वा!" मेजर खूश झाले. "याला म्हणतात खरा माणूस!"

काकांचं 'नीट' म्हणजे काय हे मेजरांना ठाऊक असतं तर ते एवढे खूश झाले नसते. काकांच्या कपाटात, गरम कपड्यांच्या खाली, एक पितळी दांडी होती. जुन्या सरकारी गाडीची. ती गाडी मोडीत गेली तेव्हा कार्यशाळेतल्या मेकॅनिकने ती काढून काकांना दिली होती. काकांनी दांडी चिंच लावून घासली, व्हॅनच्या पुढच्या भागावर उजव्या बाजूला पट्टी ठोकून ती ओळंब्यात उभी केली, बाजारात फिरून सुती कापडाचा, चारही कडा दुमडून शिवलेला झेंडा आणला, त्याला इस्त्री केली आणि दोन ठिकाणी गाठ मारून बांधला. अख्ख्या वसाहतीत असा झेंडा एकाही गाडीवर नव्हता.

मग ते काकूंकडे सीटांचं उरलेलं काळं रेक्झिन घेऊन गेले.

"एक खोळ शिवून दे. एवढी लांब, एवढी रुंद. खाली नाडी."

"उशीची?"

"झेंड्याची."

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "झेंड्याला खोळ कशाला? थंडी वाजतेय त्याला?"

"नियम आहे."

"कुणाचा?"

"खात्याचा."

"खात्याने तुम्हाला सोडून सहा वर्षं झाली," असं म्हणत काकूंनी मशीनमध्ये दोरा ओवला.

आता हा नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं महाभारत त्यावरून झालं. मोठ्या साहेबांच्या गाडीवर झेंडा असतो, पण तो गाडीचा नसतो, आत बसलेल्या साहेबांचा असतो. साहेब मागच्या सीटवर, डाव्या बाजूला बसले, दार लागलं की ड्रायव्हरने पुढे जाऊन खोळ काढायची. साहेब उतरले की पुन्हा घालायची. गाडी रिकामी असेल तर खोळ. आत साहेबांच्या बाईसाहेब असतील, मुलं असतील, कुत्रा असेल, तरी खोळ. खोळ दिसली की रस्त्यावरच्या पोलिसाने समजायचं, रिकामी गाडी. झेंडा उघडा दिसला की टाचा जुळवायच्या. काकांनी एकतीस वर्षं हेच केलं होतं, दिवसातून आठ-दहा वेळा, उन्हात, पावसात, ताप अंगात असताना. त्यांचा डावा हात नाडीची गाठ सोडायचा तेव्हा उजवा हात आपोआप खोळ वर ओढायचा. त्यात विचार करावा लागत नसे.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन फाटकावर आली ती अशी: पुढे झळझळीत पितळी दांडी आणि तिच्यावर काळी खोळ, नाडी घट्ट बांधलेली. मंडळी बसली, व्हॅन निघाली, खोळ तशीच. आत साहेब कुठे होते?

तिसऱ्या मजल्यावरच्या आठ वर्षांच्या मुलीने पहिली हरकत घेतली. तिला सगळे वकिलीणबाई म्हणत, कारण प्रश्न विचारल्याशिवाय ती श्वासही घेत नसे.

"काका, आपला झेंडा गुंडाळून का ठेवलाय? आजारी आहे?"

"नाही ग. झाकून ठेवायचा असतो."

"सगळ्यांचे उघडे आहेत."

"सगळ्यांना नियम ठाऊक नाही. आत साहेब बसले असतील तरच उघडायचा."

वकिलीणबाईंनी मागे वळून सीटांची तपासणी केली. आठ मंडळी होती, त्यातला एक डबा उघडून खात होता.

"म्हणजे आमच्यासाठी नाही उघडायचा?"

"नाही," काका म्हणाले आणि त्यांनी गिअर बदलला.

त्यांच्या मनात काही वावगं नव्हतं. विचारलं त्याचं उत्तर दिलं, एवढंच. पण वकिलीणबाईंनी घरी जाऊन शब्दाला शब्द सांगितलं, की ड्रायव्हरकाका म्हणतात, आमच्यासाठी झेंडा उघडायचा नसतो. संध्याकाळपर्यंत कुणीतरी व्हॅनचा फोटो काढून वसाहतीच्या ग्रुपवर टाकला. फोटोत ती खोळ होती त्याहूनही काळी दिसत होती. खाली कुणी लिहिलं, 'हा निषेध आहे का?' त्याखाली कुणी लिहिलं, 'विचारायला हवं.' त्याखाली विमा कचेरीच्या भाषेत मेजरांनी लिहिलं, 'बाब गंभीर आहे.' कोपऱ्यावरच्या एकाला एकदम आठवलं की काका गेल्या आठवड्यातल्या घोषणांच्या वेळी खाली आलेच नव्हते. ते दाताच्या डॉक्टरकडे दात काढून घ्यायला गेले होते, पण हे आठवणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवाची सहा मुलं आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी चार. कुणी सांगितलं, मामा सोडणार आहे. कुणी सांगितलं, पोटात दुखतंय. काका सात दहाला दाराची मूठ धरून उभे राहायचे, सात पंचवीसपर्यंत वाट बघायचे आणि रिकाम्या सीटांकडे न बघता गाडी सुरू करायचे. शाळेच्या दारात उतरताना चौघे मोठ्याने "बाय काका" म्हणायचे, नऊ जणांचा आवाज भरून काढायचा असल्यासारखे. माणसाच्या हातून पोटचं काही काढून घ्यावं तसं त्यांना होत होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

काकूंना मात्र राहवेना.

"अहो, काढा ना ती खोळ. एवढं काय त्यात? मीच शिवलीय, मीच उसवते."

"नको."

"मुलं जातील सगळी."

"जाऊ देत."

"तोंडाने म्हणताय जाऊ देत, आणि दोन दिवस पोटात अन्न नाही. कुणाला दाखवताय हा हट्ट?"

काका उठून खाली गेले. काकू खिडकीतून पाहत होत्या. काका व्हॅनच्या पुढे जाऊन उभे राहिले. डावा हात नाडीपर्यंत गेला. तिथेच थांबला. बराच वेळ थांबला. मग त्यांनी तो हात मागे घेतला आणि पॅन्टला पुसला, जणू काही लागलं होतं. काकूंना नवऱ्याचा हट्ट चांगला ठाऊक होता. बत्तीस वर्षं त्या त्याच्याशी झुंजत आल्या होत्या. पण हा हट्ट नव्हता. हट्टी माणूस असा घाबरलेला दिसत नाही.

रविवारी सकाळी समितीने सभा बोलावली. वसाहतीच्या हॉलमध्ये, टेबल टेनिसचं टेबल भिंतीला लावून, तीस-पस्तीस खुर्च्या मांडल्या होत्या. विषयपत्रिकेवर तीन विषय होते: व्हॅनवरील झेंडा, पाण्याच्या टाकीची सफाई, गच्चीची किल्ली कुणाकडे असावी. काका इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले, हात गुडघ्यांवर. त्यांना आयुष्यात कुणी असं सभेत बोलावलं नव्हतं. काकू त्यांच्या शेजारी पर्स घट्ट धरून बसल्या.

मेजरांनी घसा साफ केला. "आम्हाला कुणावर संशय घ्यायचा नाही," अशी सुरुवात झाली, म्हणजे संशय घेऊन झाला होता. "पण सगळा देश झेंडा उंच धरत असताना एखाद्याने तो काळ्या पिशवीत घालावा, आणि तोही आपल्या मुलांच्या गाडीवर..."

"पिशवी नाही, खोळ," काका म्हणाले.

"तेच ते."

काकांनी नियम समजावून सांगितला. ते बोलायला सरावलेले नव्हते. वाक्यं अर्धी राहत होती. मागून कुणी हसलं. "म्हणजे साहेबांची चाकरी अजून सुटली नाही तर," असं कुणी पुटपुटलं. काकांचे कान लाल झाले. मेजरांना बहुधा तो नियम पटलाही असता, कारण कागदावरच्या नियमाला ते मनातून वचकून असत. पण तेवढ्यात वकिलीणबाईंची आई उठली. ती एका दवाखान्यात परिचारिका होती, रात्रपाळी करून थेट सभेला आली होती. ती रागावलेली नव्हती, आणि तेच अवघड झालं.

"काका, माझी मुलगी तीन वर्षं तुमच्या गाडीत बसतेय. मी कामावर असते तेव्हा मला तिची काळजी नसते, ती तुमच्यामुळे. म्हणून विचारते. तिच्यासारखं माणूस गाडीत असताना झेंडा झाकून ठेवायचा, तर मग कोण बसलं की उघडायचा? साहेब म्हणजे असं काय वेगळं असतं?"

हॉल शांत झाला. काका उभे राहिले. उभं राहायची गरज नव्हती.

"सतरा वर्षं झाली," ते म्हणाले. "साहेबांना विमानतळावर सोडून मी रिकामा परत येत होतो. खोळ घातलेली. वाटेत रस्ता खणायचं काम चाललं होतं. एका खोदकामवाल्याच्या अंगावर लोखंडी पाइप पडला. माणसं गाड्यांना हात करत होती, कुणी थांबेना. मी थांबलो. त्याला मागच्या सीटवर निजवला. इस्पितळ दहा मिनिटांवर होतं."

काकू त्यांच्याकडे वळल्या. ही गोष्ट त्यांनी कधी ऐकली नव्हती.

"पुलाच्या तोंडाशी पोलिसांनी रस्ता अडवलेला. कुणा पाहुण्याचा ताफा जायचा होता. तिथल्या शिपायाने माझी गाडी पाहिली, खोळ पाहिली, हात आडवा केला. रिकामी गाडी. मी ओरडलो, मागे माणूस आहे, मरतोय. तो आला, त्याने बघितलं. चांगला होता बिचारा, घाबरला. म्हणाला, वर विचारतो. वायरलेसवर विचारत राहिला. अकरा मिनिटं. झेंडा उघडा असता तर त्याने विचारलं नसतं. सलाम केला असता आणि सोडलं असतं." काका थांबले. "पूल ओलांडला तेव्हा मागे कण्हणं थांबलेलं होतं."

कुणी खुर्ची सरकवली, तिचा आवाज फार मोठा झाला.

"मग खोळ काढली का नाहीत?" मेजरांनीच विचारलं. या वेळी आवाज अध्यक्षांचा नव्हता.

"सुचलं नाही," काका म्हणाले आणि खाली बसले.

मला वाटतं, तिथे थोडा वेळ काहीतरी घडू शकलं असतं. परिचारिका बसायचं विसरून तशीच उभी होती. दोन-तीन जण पायांकडे बघत होते. पण माणसांची सभा ही मोठी विचित्र गोष्ट आहे, तिला शांतता फार वेळ सोसत नाही. मागच्या रांगेतून कुणी म्हणालं, "म्हणजे तेव्हाही झाकलेलाच होता!" आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. हो की नाही, तेव्हाही झाकलेलाच. सवयच दिसते. एक जण म्हणाला, बिचारे वाईट वाटून घेताहेत, पण मुद्दा तो नाही. मेजरांनी मिशांवरून हात फिरवला, पुन्हा अध्यक्ष झाले आणि म्हणाले की ज्याने-त्याने आपापल्या मुलांबाबत योग्य तो निर्णय घ्यावा, आता पाण्याची टाकी.

घरी आल्यावर काकूंनी चहा टाकला. उकळला, उतू गेला, तरी त्यांनी गॅस बंद केला नाही. मग एकदम बंद केला.

"सतरा वर्षं," त्या म्हणाल्या. "माझ्याशेजारी झोपत होतात ना?"

काका दाराशी उभे होते, बूटसुद्धा न काढता.

"आणि तिथे जे म्हणालात, सुचलं नाही, ते खरं?"

"नाही."

काकू वळल्या.

"सुचलं होतं," काका म्हणाले. "पहिल्याच मिनिटाला. उतरलो होतो मी. पुढे गेलो, डावा हात नाडीला लागला होता. मग वाटलं, चौकशी लागेल. साहेब नसताना झेंडा उघडला म्हणून. नोकरी जाईल. हात मागे घेतला. अकरा मिनिटं मी त्या नाडीपाशी उभा होतो."

"अहो..."

"आणखी आहे." आता त्यांना थांबवता येत नव्हतं. "सीटवर पांढरे टॉवेल अंथरलेले असायचे, रोज धुतलेले. त्याला उचलून आत ठेवायच्या आधी मी ते काढून घेतले. घड्या केल्या आणि पुढे ठेवले. डाग पडू नयेत म्हणून. तो माणूस तिथे रस्त्यावर पडलेला, आणि मी टॉवेलांच्या घड्या करतोय. आत ठेवल्यावर तो मला म्हणाला, 'साहेब, गाडी खराब होतेय, मला खालीच बसू द्या.' मला साहेब म्हणाला. मला उभ्या जन्मात कुणी साहेब म्हटलं नाही, त्याने म्हटलं." त्यांनी हाताच्या पालथ्या बाजूने तोंड पुसलं. "दुसऱ्या दिवशी आमच्या साहेबांना कळलं. पाठ थोपटली त्यांनी माझी. झेंडा झाकलेला ठेवलास ते उत्तम केलंस, म्हणाले, उगाच वर्तमानपत्रात आलं असतं. ते माझ्या कागदात लिहिलंय. नियमाचा पक्का. त्यावरूनच ते..." आणि त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

काकूंनी त्या चौकटीकडे पाहिलं. सहा वर्षं त्या ती काच पुसत आल्या होत्या.

"आता कळलं?" काका म्हणाले. "तू म्हणतेस, काढा खोळ. शेजारी रुसले म्हणून आज मी ती काढली, तर मग ती काढता येत होती. तेव्हाही काढता येत होती. मग मी सतरा वर्षं स्वतःला काय सांगत आलो? नियम होता, नियम होता. नियमच नसेल तर मग नुसता मीच उरतो."

काकूंनी त्यांना जवळ घेतलं नाही. तुमचा काय दोष, असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी ओट्यावर उतू गेलेला चहा पुसून काढला. मग त्यांनी विचारलं, "त्याच्या घरचं कोण होतं?"

"बायको. इस्पितळात पत्ता लिहून घेतला होता, मी पाहिला. नदीपलीकडे, वीटभट्टीच्या मागे. दोनदा गेलो होतो. गल्लीच्या तोंडापर्यंत."

"आणि?"

"गाडी वळवली."

सोमवारी सात दहाला व्हॅन फाटकापाशी उभी होती. काका दाराची मूठ धरून उभे. पितळी दांडी पुसलेली, खोळ बांधलेली. सव्वासातला एक अनोळखी व्हॅन आली. तिच्या चारही खिडक्यांना प्लास्टिकचे झेंडे फडफडत होते, एकाची दांडी अर्धी वाकलेली. सात मुलं तिच्यात चढली. ती काकांकडे बघत नव्हती, त्यांना तसं सांगितलेलं असावं. आठवं मामाबरोबर गेलं. शेवटी परिचारिका वकिलीणबाईंचा हात धरून खाली आली. काकांसमोर ती क्षणभर थांबली. काही बोलावं असं तिच्या मनात दिसत होतं.

"आज मीच सोडते, काका," ती म्हणाली. "तुम्हाला बरं वाटत नसेल."

"हो," काका म्हणाले.

वकिलीणबाईंनी जाताना मान वळवून खोळीकडे पाहिलं. पहिल्यांदाच तिने काही विचारलं नाही.

फाटक रिकामं झालं. साडेसात वाजले. काकांनी दाराची मूठ सोडली नव्हती. सोडून करायचं काय, हेच त्यांना कळत नव्हतं. एकतीस वर्षं आणि वर सहा, रोज कुणीतरी येऊन बसायचं होतं. आता कुणी येणार नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावरून चपलांचा आवाज आला. काकू येत होत्या. बाहेर जायचे कपडे, हातात पर्स. त्या काकांच्या समोरून सरळ उघड्या दारातून आत शिरल्या आणि मागच्या सीटवर, डाव्या बाजूला जाऊन बसल्या. सरकारी गाडीत त्या कधी बसल्या नव्हत्या, तशी परवानगीच नव्हती. व्हॅनमध्ये बसल्या तरी नेहमी पुढे, काकांच्या शेजारी बसायच्या.

"दार लावा," त्या म्हणाल्या.

"कुठे जायचंय?"

"वीटभट्टीच्या मागे."

"तिथे आता कोण असणार? सतरा वर्षं..."

"नसेल तर परत येऊ. असली तर तिला सांगायचं. जे मला सांगितलंत ते. टॉवेलांसकट."

"ती काय म्हणेल?"

"ते ती ठरवेल."

काकांनी दार लावलं. लावल्याचा आवाज झाला तसे त्यांचे पाय सवयीने पुढे निघाले, गाडीला वळसा घालून, उजव्या बाजूला, दांडीपाशी. हात नाडीला लागला. काकू काचेतून बघत होत्या. एका ओढीत सुटणारी गाठ तीनदा निसटली. चौथ्यांदा सुटली. त्यांनी खोळ वर ओढून काढली, घडी न करता खिशात कोंबली. सकाळच्या वाऱ्यावर झेंडा हलला. इस्त्री अजून मोडली नव्हती.

फाटकाशी मेजर फिरायला निघालेले होते. त्यांनी उघडा झेंडा पाहिला, त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी कपाळाशी हात नेऊन कडक सलाम ठोकला. "शाबास, काका!" ते मोठ्याने म्हणाले. "आलात शेवटी ताळ्यावर!"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. सलामाला उत्तर द्यायचं नसतं, तो मागे बसलेल्याला असतो. त्यांनी गाडी रस्त्यावर घेतली. आरशात काकू दिसत होत्या, ताठ, दोन्ही हात पर्सवर.

"सावकाश चालवा," काकू म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण गल्लीच्या तोंडाशी थांबू नका."